शुगर निघाली: पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं

रिपोर्ट हातात पडला की त्या रात्री बहुतेक घरांत साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो आणि ताटातला भात गायब होतो. चार दिवस उत्साह, पाचव्या दिवशी चिडचिड, आठवडा संपता संपता डबा परत ओट्यावर. हे टाळायचं असेल तर पहिल्या आठवड्यात चहा-सरबतातली साखर तेवढी थांबवा, बाकी जेवण नेहमीचंच ठेवा आणि फक्त मोजा, लिहा. बदल दुसऱ्या आठवड्यापासून. आपण नेमकं काय खातो हेच ठाऊक नसताना केलेलं पथ्य टिकत नाही.

आधी आकडा पक्का करून घ्या. रक्तातली साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, यातलं काही असेल तर मधुमेह. त्रास काहीच नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दुसरी तपासणीही तेच सांगते का, ते बघतात. तहान, वारंवार लघवी अशी लक्षणं असताना कधीही घेतलेली साखर २००च्या वर आली तर मात्र तेवढं पुरतं. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी.

उपाशीपोटी म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काही नाही. ‘अर्धाच कप चहा घेतला होता’ हे लॅबवाल्याला सांगायचं राहून जातं आणि रिपोर्ट बिघडतो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी नुकतंच स्टेरॉइड घेतलं असेल, अंगात ताप असेल, तरी साखर चढते. एचबीएवनसीचीही एक अडचण आहे. हा आकडा तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात आणि पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. लोहाची कमतरता असेल तर तो उगाच वर दिसू शकतो. नुकतंच रक्त गेलं किंवा चढवलं असेल, तर तो भरवशाचा राहत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या कुटुंबांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. घरात कुणाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मग ते एचबीएवनसीवर विसंबणार नाहीत.

काही वेळा मात्र मोजत बसायला वेळ नसतो. महिन्याभरात वजन झरझर उतरलंय, तहान भागत नाही, त्यात उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. लहान मूल, कॉलेजातलं पोर किंवा अगदी सडपातळ माणूस असेल तर हा टाइप १ असू शकतो, म्हणजे शरीरात इन्सुलिन (साखर वापरायला लागणारं संप्रेरक) जवळपास बनतच नाही असा प्रकार. त्याला पहिल्या दिवसापासून इन्सुलिनच लागतं, गोळी किंवा काढा पुरत नाही. पुढचं सगळं लिहिलंय ते टाइप २साठी, म्हणजे इन्सुलिन बनतं पण पुरेसं काम करत नाही अशा नेहमीच्या मधुमेहासाठी.

ग्लुकोमीटर आणि वही

मीटर घेताना यंत्राच्या किमतीपेक्षा पट्ट्यांची किंमत विचारा. यंत्र एकदाच घ्यायचंय, पट्ट्या सतत लागणार. त्या पट्ट्या घराजवळच्या मेडिकलमध्ये नेहमी मिळतात का, तेही बघा. बाटलीचं झाकण लगेच लावायचं. पट्ट्या दमट हवेत आणि उन्हात खराब होतात. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली सरळ टाकून द्या.

हात साबणाने धुवा, कोरडे करा. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही. द्राक्ष सोललेल्या बोटाची साखर मीटरवर प्रचंड वाढलेली येते, कारण बोटावरचा रस रक्तात मिसळतो, आणि नुसत्या सॅनिटायझरच्या बोळ्याने तो रस पुरता निघत नाही. निफाड-पिंपळगावकडे हंगामात ही चूक हमखास होते. सुई बोटाच्या मधोमध न मारता कडेला मारा, तिथे कमी दुखतं. दाबून दाबून थेंब काढू नका; हात खाली लोंबकळत ठेवून तळव्यापासून बोटाकडे हलकं चोळलं की थेंब येतो. पट्टीचं टोक थेंबाला लावलं की ती स्वतः रक्त ओढते. थेंब वरून टाकायचा नसतो.

मीटर आणि लॅब यांच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक येणं चालतं. मीटर १६० दाखवतो आणि लॅब १४५, म्हणून यंत्र खोटं ठरत नाही.

आता मोजायचं कसं? रोज सकाळी उपाशीपोटी एकच आकडा घेण्याची सवय बहुतेकांना लागते, पण त्यातून फारसं कळत नाही. जोडीने मोजा: जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा. सोमवारी नाश्त्याची जोडी, बुधवारी दुपारच्या जेवणाची, शुक्रवारी रात्रीची. आठवड्याला सहा पट्ट्या. वहीत चार रकाने: आधी, नंतर, काय खाल्लं, जेवल्यावर काय केलं. दोन आकड्यांतली वाढ ५०च्या आत राहिली तर ते ताट तुम्हाला मानवतंय. ९०-१०० ची वाढ दिसली तर पुढच्या आठवड्यात त्याच जेवणातली एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत हे लक्ष्य असतं. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर ते सैल ठेवतात. रात्री कमी जेवूनही सकाळचा आकडा वाढलेला दिसला की माणूस खचतो. पहाटे शरीर आपणहून यकृतातली साखर रक्तात सोडतं, त्यामुळे असं होतं. त्यावर उपाय म्हणून रात्रीचं जेवण टाळू नका, वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

ताट

‘पोळी बंद, भाकरी बिनधास्त’ हा सल्ला नाशिकमध्ये दर दुसरा माणूस देतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि पीठ मळायच्या आधी मोजा. घडीच्या पोळीला ३० ग्रॅम पीठ लागतं. हातावर थापलेल्या मोठ्या बाजरीच्या भाकरीला ७०-८० ग्रॅम सहज जातं. बाजरीत तंतू जास्त आणि ती सावकाश पचते हे खरं, पण १०० ग्रॅम पिठामागे कर्बोदकं (पचल्यावर ज्यांची साखर होते तो भाग) दोन्हींत जवळपास सारखीच, साधारण ६५ ग्रॅम. म्हणजे ती एक भाकरी अडीच पोळ्यांच्या बरोबरीची. अर्धी भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर पालेभाजी आणि काकडी-मुळा असं वाढून घ्या आणि दोन तासांनी मोजा. पूर्ण भाकरी आणि नुसता ठेचा खाल्ल्यावरचा आकडा वहीत असेलच, शेजारी ठेवून बघा.

ताटाचा हिशोब साधा आहे: अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडी, मासे किंवा पनीर, उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात. बटाटा आणि रताळं भाजीच्या अर्ध्यात मोजायचं नाही, ते भाताच्या रांगेत. पातळ वरणाला डाळ म्हणणंही जरा धाडसाचंच. वाटीत चमचा उभा राहील इतकं घट्ट हवं. खाण्याचा क्रम बदलूनही फरक पडतो: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी. पोट अर्धं भरलेलं असतं, साखर हळू चढते.

मिसळ सोडायची गरज नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ ही त्यातली चांगली बाजू. घात करतात ते पाव. दोन पाव म्हणजे साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं, तीही मैद्याची, आणि वर ‘एक्स्ट्रा पाव’ येतोच. शेव-फरसाण वेगळ्या वाटीत मागवा, दही घ्या, आधी निम्मी उसळ चमच्याने खा, मग एक पाव. तर्री साखर वाढवत नाही, पण तेल वजन वाढवतं, आणि पोटावरचं वजन हाच या आजाराचा मोठा आधार. पोह्यांची ताटली भरून घेतली तर तीही ५० ग्रॅमपर्यंत जाते. निम्मे पोहे, निम्मे मटार-शेंगदाणे-कांदा आणि सोबत उकडलेलं अंडं असा तोडगा निघतो.

द्राक्षं जानेवारी ते मार्च घरात येतच राहतात. पंधराएक मणी म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर, दिवसाला तेवढं बस, आणि जेवणाला जोडून नको. वाटीत मोजून घ्या, घडातून तोडत बसलं की मोजदाद राहत नाही. बेदाण्यांचा मामला वेगळा: साधारण चार किलो द्राक्षांचे किलोभर बेदाणे होतात, त्यामुळे मूठभर बेदाण्यांत वाडगाभर द्राक्षांची साखर असते. उसाचा रस, फळांचा रस, कोकम सरबत हे सगळं बंद रांगेत. गूळ, मध, खडीसाखर यांची नावं वेगळी, रक्तात गेल्यावर काम तेच. ‘शुगर फ्री’ बिस्किटांत मैदा असतो, हे पाकिटाच्या मागे वाचा.

टपरीवर ‘चहा कमी साखरेचा’ मागू नका. पातेलं एकच असतं आणि साखर त्यात आधीच उकळलेली असते. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे नुसत्या चहातून ३२ ते ४० ग्रॅम साखर. वेगळा कोरा चहा करून देत असतील तर घ्या, नाहीतर ताक.

कुणी कारल्याचा रस सुचवेल, कुणी मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड. कारलं भाजी म्हणून खा, मेथी खा, हरकत नाही. पण यातल्या कशानेही गोळीची जागा घेतली जात नाही. कुठल्याही लेबलाशिवाय मिळणारी ‘देशी’ पूड तर नकोच. अशा पुड्यांत ॲलोपॅथीची गोळी कुटून घातल्याचं अनेकदा सापडलंय, आणि मग साखर कधी कोसळेल ते सांगता येत नाही.

चालणं

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू चालताना रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता वापरतात, म्हणून जेवणानंतरचं छोटं चालणं आकड्यावर लगेच दिसतं. आठवड्याला १५० मिनिटं भरली पाहिजेत. गोल्फ क्लब मैदानाचा नाहीतर कृषीनगरचा ट्रॅक जवळ असेल तर उत्तम, नसेल तर सोसायटीची गच्ची. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठबस, भिंतीवर जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं काही करा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा घड्याळावर न बांधता झोपेवर बांधाव्यात: उठल्यावरचं पहिलं खाणं म्हणजे नाश्ता, मग ते संध्याकाळी पाचला का असेना. गोळीच्या वेळा डॉक्टरांकडून त्याप्रमाणे लिहून घ्या, नाइट शिफ्टचा आठवडा वेगळा मागा.

गोळ्या

बहुधा मेटफॉर्मिनने सुरुवात होते, ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत किंवा जेवणानंतर. पहिले एक-दोन आठवडे पोट बिघडतं, जुलाब होतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं. न थांबल्यास गोळी स्वतः बंद करू नका. हळूहळू विरघळणारा प्रकार मिळतो, तो मागा. त्या गोळीच्या नावापुढे एसआर किंवा एक्सआर असतं. ती तोडायची किंवा चावायची नाही. शौचात कधी अख्खी गोळी दिसते, घाबरू नका, औषध शोषलं गेलेलं असतं आणि टरफल तेवढं बाहेर पडतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यास बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहाऱ्यांनी ते अधूनमधून तपासावं.

ग्लिमेपिराइड ही शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी असेल तर नियम कडक: गोळी घेतली की खायलाच हवं, नाहीतर साखर फार उतरते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात. पाणी भरपूर प्या, जननेंद्रियाची जागा स्वच्छ-कोरडी ठेवा, खाज सुटली तर न लाजता सांगा. उलट्या-जुलाब लागले किंवा ऑपरेशन ठरलं तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवायची का, ते फोन करून विचारा. खर्च झेपत नसेल तर जनऔषधी केंद्रात याच औषधांच्या जेनेरिक गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि जिल्हा रुग्णालयातल्या असंसर्गजन्य रोगांच्या कक्षात तपासणी-उपचार होतात.

साखर फार उतरली की घाम, थरथर, धडधड, डोकं हलकं असं होतं: लगेच मोजा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून लगेच, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. आकडा वर आला की पोळी किंवा बिस्किट खा. पेढा, चॉकलेट यावेळी कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धाने साखर सावकाश चढते. मीटर जवळ नसेल तरी साखर घ्याच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन.

उपास, गड आणि पाय

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण शुगरवाल्यांसाठीच केल्यासारखी आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. एका ताटलीत ५५-६० ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं नावाला. दाण्याच्या कुटाने थोडं सावरतं, पुरेसं नाही. उपास करायचाच असेल तर राजगिरा, वाटीभर भगर, दाण्याची आमटी, दही, काकडी. श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस हे आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना निर्जळी उपास धोक्याचा आहे. दिवसात ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेलं की उपास तिथेच सोडायचा.

तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, सप्तशृंग गडाची पायी वारी लोक अनवाणी करतात. साखर बरीच वर्षं न कळता वाढलेली असेल तर तळपायाची जाणीव आधीच कमी झालेली असू शकते, मग काटा रुततो आणि कळतच नाही. उन्हाळ्यात रामकुंडाची तापलेली फरशीही तशीच. बूट आणि सुती मोजे घालूनच चाला, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पुसा, तळवा आरशात बघा. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. कुरूप ब्लेडने कापू नका. मळ्यात पाणी भरायला जाताना गमबूट.

निदान झालं त्याच महिन्यात एकदा हे उरकून घ्या: बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, रक्तदाब, पायाच्या संवेदनेची तपासणी, दात-हिरड्या. टाइप २ बहुतेकदा उशिरा कळतो, म्हणून ‘आत्ताच तर निघालीय’ म्हणून डोळे पुढच्या वर्षावर ढकलायचे नाहीत. पडदा बिघडू लागला तरी सुरुवातीला दिसण्यात काही फरक पडत नाही.

सांगायचं कुणाला

घरात आणि कामावर किमान एकाला सांगा. साखर उतरली तर काय करायचं हे त्याला ठाऊक हवं. बाकीच्यांना सांगायचं की नाही ही तुमची मर्जी. लग्नकार्यात आग्रह होतोच. ‘मावशी, गोड नको, ताक द्या’ एवढं पुरतं, कारण सांगत बसलं की चर्चा सुरू होते. घरच्यांसाठी एक विनंती: ताटावर पहारा नको. सगळ्यांचीच भाजी वाढवा. वेगळं ताट वाढलेला माणूस लपून खायला लागतो.

‘गोड खाल्लं म्हणून झालं’ हा ठपका जवळपास प्रत्येकावर येतो, बरेचदा स्वतःकडूनच. आई-वडिलांकडून आलेली ठेवण, पोटावरची चरबी, कमी स्नायू, बैठं काम, अपुरी झोप या सगळ्यांची मोट बांधली की टाइप २ होतो. आपल्याकडे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३च्या वर गेला किंवा कमर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात, त्यामुळे ‘मी तर जाड नाही’ असं म्हणणाऱ्यालाही होतो. राग येणं, काही दिवस आकडे न बघावेसे वाटणं, गोळी घेताना रडू येणं हे होतं. त्या दिवसांत चालणं आणि गोळी तेवढी चालू ठेवा, वही आठवडाभर मिटली तरी चालेल. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल तर ते डॉक्टरांना आकड्यांइतकंच ठळकपणे सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

गोळी कायमची का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत टाइप २ निघून सहा वर्षं न झालेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काटेकोर आहारावर ठेवलं होतं. वर्षाने त्यांतल्या ४६ टक्के जणांची साखर गोळीविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण सगळ्यांत मोठं होतं. वजन परत चढलं की साखरही परत येते, म्हणून तपासणी चालूच ठेवावी लागते. आणि गोळी कमी करायचा निर्णय डॉक्टरांबरोबर, वही समोर ठेवून.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा, आधी नको. जुन्या पेशी अजून रक्तात फिरत असतात. शक्यतो त्याच लॅबमध्ये. ९चा ७.५ झाला तर सरासरी साखर साधारण २१२ वरून १६९ वर आली. बहुतेकांचं लक्ष्य ७च्या आत असतं. खाली आलाच नसेल तर आधी वहीत बघा कोणत्या जोडीची वाढ मोठी आहे, गोळ्या किती वेळा चुकल्या, आणि ते पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवा.